सासूबाईंचा लाल दिवा

कुंभार्ली घाटाच्या ऐन चढावर भरली बस आपणहून वेग कमी करत कडेला गेली आणि उभी राहिली. हर्षदा साळुंखेचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते, पण स्टिअरिंग आता तिचं ऐकत नव्हतं. समोर काचेच्या वरच्या अंगाला लाल दिवा पेटला होता आणि स्पीकरमधून एक गोड बायकी आवाज सगळ्या बसला ऐकू जाईल असा सांगत होता, "चालक सध्या वाहन चालवण्यास अपात्र आहेत. कृपया घाबरू नका. दुसरी बस निघाली आहे."

घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतो आणि मग चौकशा करतो.

"काय झालं ओ?"

"ड्रायव्हरनं घेतलीया म्हणं."

"बाईनं?"

"बाईनंच. दिवा काय उगंच लागतोय?"

हर्षदानं मागं वळून सांगितलं, "अहो, मी जन्मात थेंब घेतला नाही." पहिल्या सीटवरच्या बाईनं मांडीवरचं पोर उगाचच जवळ ओढून घेतलं. हर्षदाचे गाल आधीच भाजल्यासारखे चुरचुरत होते, ते आणखी पेटले आणि दिवा आणखी लाल झाला.

या दिव्याचं कागदोपत्री नाव 'चालक-दक्षता यंत्र'. सह्यकडा परिवहनच्या कराड डेपोत मात्र त्याला सगळे सासूबाई म्हणत. दिवसभर तोंडाकडे टक लावून बघायचं, कधी बरं म्हणायचं नाही आणि एकदा बिनसलं की चारचौघांत पाणउतारा करायचा, मग दुसरं काय म्हणणार? पूर्वी ड्रायव्हरला नळीत फुंकायला लावत. तर काही बहाद्दर दुसऱ्यालाच फुंकायला पुढं करत. शिवाय सकाळी डेपोत शुद्धीवर असलेला गडी दुपारी वाटेतल्या धाब्यावरून उठताना कसा असेल, हे त्या नळीला काय कळणार? म्हणून सासूबाई आल्या.

सासूबाईंची करामत मात्र खरीच नामी होती. आपल्या चेहऱ्याच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. हृदयाच्या दर ठोक्याला त्यात रक्त भरतं आणि ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे ठोक्यागणिक चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना हा बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. दारू पोटात गेली की या वाहिन्या सैल पडतात, चेहऱ्यात रक्त चढतं, पापण्या जडावतात. हजारो शुद्धीतले आणि हजारो झिंगलेले चेहरे दाखवून यंत्राला हे शिकवलेलं होतं. ते आल्यापासून सह्यकडाच्या बसना घाटात एकही अपघात झाला नव्हता. त्यामुळे यंत्राचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या दिवशी हर्षदा डेपोत परतली तेव्हा मॅनेजर देशमाने साहेबांनी कपाटातली जुनी नळी शोधून तिला फुंकायला लावली. नळी स्वच्छ निघाली. संध्याकाळपर्यंत डेपोत नवी बातमी फिरायला लागली, की दारू नसेल तर गोळ्या घेत असेल.

बातमी घरी तिच्या आधी पोचली होती. आई दारातच उभी होती. हर्षदाच्या खांद्यावरची ओढणी नीट करायच्या निमित्तानं ती जवळ आली आणि तिनं हळूच श्वास आत ओढला.

हर्षदा जागच्या जागी थिजली. हा वास घेणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी बाप ट्रक लावून घरात आला, की आई त्याच्या सदऱ्याचं बटण बघायच्या निमित्तानं अशीच जवळ जायची. बाप याच घाटात ट्रकसकट दरीत गेला, तोही पिऊनच. पुढं लेकीनं गाडीवर बसायचं म्हटलं तेव्हा आईनं चूल पेटवली नव्हती. हर्षदानं तिची समजूत घालता घालता वर्ष घालवलं होतं.

"आई, वास घेतेस माझा?"

"न्हाई गं, ओढणी..."

"घेतलास. आला काय?"

आई खाली बघत म्हणाली, "वास न्हाई आला. पर बाये, ते यंत्र कशाला खोटं बोलंल? त्येला काय तुझं वाईट करायचंय?"

"आणि मला काय तुझं वाईट करायचंय?"

आई देवघरातून भंडारा आणि बेलाचं पान घेऊन आली. त्या भागात बेलभंडार उचलून माणूस खोटं बोलत नाही. बोललाच तर खंडोबा त्याचं बघून घेतो. हर्षदानं पान हातात घेतलं, भंडारा कपाळाला लावला आणि शपथ घेतली. आईचे डोळे भरून आले. तिनं त्या रात्री गरम भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

दोनच दिवसांनी सासूबाई पुन्हा लाल झाल्या. या खेपेला आईनं वास घेतला नाही, शपथही मागितली नाही. ते जास्त वाईट होतं. पिढ्यान् पिढ्या जो भंडारा खरा मानला, त्याच्यापेक्षा काचेवरच्या दिव्याचा शब्द मोठा ठरला होता.

अशा वेळी मदतीला धावून आले वर्कशॉपमधले लाडमामा. बाजीराव लाड म्हणजे रिटायर व्हायला टेकलेले मेकॅनिक. रविवारी घ्यायचे आणि सांगून घ्यायचे, पण माणूस सोन्यासारखा. त्यांनी खिशातून एक पांढरी ट्यूब काढली.

"माझ्या पोरीनं लग्नाच्या आधी लावली हुती. तोंड कसं आरशागत झालं बघ! मेडिकलमधी मिळती, चिठ्ठीबिठ्ठी लागत न्हाई. लाव बिनधास्त."

आपल्याकडं मेडिकलवाला अर्धा डॉक्टर आणि शेजारची मुलगी अर्धी, असे दोन अर्धे मिळून पूर्ण डॉक्टर होतो. हर्षदानं ट्यूब लावली आणि खरंच जादू झाली. चुरचुर गेली, गालावरच्या बारीक पुळ्या गेल्या, सासूबाई हिरव्यागार राहिल्या. आई पुन्हा हसायला लागली. हर्षदा रोज ट्यूब लावायला लागली, मग सकाळ-संध्याकाळ.

पावसाळा सरला, ऊन तापलं आणि जादू फिरली. कातडी कागदासारखी पातळ झाली. ट्यूब लावली तरी आग, न लावली तर दुप्पट आग. तोंडावर पाणी मारलं तरी मिरची चोळल्यासारखं व्हायचं. नाकावर, गालांवर पुळ्यांचं पीक आलं. आणि एके दुपारी, चिपळूणहून परतीची बस सुटायच्या आधीच सासूबाईंनी ठामपणे लाल दिवा लावला.

हर्षदानं घरी फोन केला. आई शांतपणे म्हणाली, "मी पाटणला दादाकडं चालले. तुझ्या बापाच्या वेळंला वाट बघत बसले, ती चूक पुन्ना करायची न्हाई." फोन बंद झाला. हर्षदा चिपळूणच्या स्टँडवर पंख्याखाली बसून राहिली. रडलं की गाल आणखी जळायचे, म्हणून तिला धड रडताही येईना. समोरच्या इमारतीवर पाटी होती, 'डॉ. ताहेरा मुकादम, त्वचारोगतज्ज्ञ'. ट्यूबपेक्षा जालीम काहीतरी मागून घ्यावं, एवढाच विचार करून ती जिना चढली.

डॉक्टरांनी आधी दिवा लावून चेहरा बघितला नाही. समोर बसवून विचारलं, "काय लावता तोंडाला?" हर्षदानं मोठ्या अभिमानानं ट्यूब पुढं केली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून टेबलाच्या खणात टाकली.

"ही मी ठेवून घेते. यात स्टेरॉईड आहे. औषध म्हणून वाईट नाही, पण चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळायचं नाही. आधी बरं वाटतं आणि मग व्याजासकट परत येतं. बरं, याआधी काय व्हायचं? उन्हात तोंड पेटायचं?"

"होय."

"गरम चहानं? तिखटानं? चारचौघांत कुणी बोललं तर?"

"होय, होय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं?"

डोळ्यांचं तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक काचेची पट्टी तिच्या गालावर दाबली आणि आरसा हातात दिला. पट्टीखालची जागा फिकट झाली. पट्टी उचलली, तर रंग धावत परत आला. मग भिंगातून गालावरचं वाहिन्यांचं जाळं दाखवलं. "हे पिंपल्स असते तर काळे ठिपके दिसले असते, ते कुठंच नाहीत. नाक, गाल, हनुवटी एवढीच जागा, आणि डोळ्यांभोवती स्वच्छ. याला रोसेशिया म्हणतात. वाहिन्या आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा हळव्या होतात. जिथं माझा चेहरा चार आणे तापेल, तिथं तुमचा रुपयाभर तापतो. असं का होतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण हा आजार दुसऱ्या कुणाला लागत नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही."

"मग आजवर कुणाला दिसलं कसं नाही?"

"आमच्या पुस्तकांत फोटो गोऱ्या माणसांचे. गोऱ्या गालावर ही लाली लांबून दिसते. तुमच्या-माझ्या सावळ्या रंगात ती लपून बसते. मग लोक म्हणतात रापलीस, नाहीतर ॲलर्जी आहे म्हणतात. वर्षं निघून जातात."

हर्षदानं खालच्या आवाजात विचारलं, "म्हणजे डॉक्टर, मी पीत नाही, हे तुम्हाला पटतंय?"

डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. सगळी हकिकत ऐकल्यावर त्या खुर्चीत मागं रेलल्या आणि चक्क हसल्या. "अहो, मग तुमचं यंत्र आमच्यापेक्षा हुशार आहे! जे डॉक्टरांना दिसत नाही ते त्याला कातडीखालचं दिसलं. फक्त बघितलं एक आणि समजलं भलतंच. त्याला शिकवताना रोसेशियाचा एकही सावळा चेहरा दाखवला नसणार. कुठून दाखवतील? जो आजार कुणी ओळखलाच नाही, त्याचा नमुना आणायचा कुठून?"

रोसेशिया मुळासकट जात नाही, पण त्याला लगाम घालता येतो, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. सौम्य साबण, सनस्क्रीन, रोज लावायचं जेल, काही आठवडे कमी ताकदीच्या गोळ्या. ट्यूब सुटताना आधी बिघडेल, तेव्हा धीर सोडायचा नाही. चहा कोमट करून प्यायचा. आणि ठेचा? "प्रत्येकाचा चेहरा वेगवेगळ्या गोष्टींवर चिडतो. तुमचा कशावर चिडतो ते हळूहळू तपासू. तोवर ठेचा बंद." पाटणकडच्या बाईला ठेचा बंद म्हणजे अर्धं जेवण बंद, पण हर्षदानं मान डोलावली.

पुढचे दिवस कठीण गेले. तोंड सुजलं, आग झाली, आरसा नकोसा झाला. देशमान्यांनी तिला गाडीवरून काढून तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांनी वाचलं आणि सरळ परत केलं. "मला पटतं हो, पण सासूबाईंना सर्टिफिकेट वाचता येत नाही. खिडकीवर काय वाईट आहे? सावलीत बसायचं."

हळूहळू पुळ्या विरल्या, कातडीला जीव आला. एक दिवस सकाळी हर्षदानं तोंडावर पाणी मारलं आणि ते नुसतं पाण्यासारखंच गार लागलं. ती ओल्या तोंडानं कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिला मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटलं.

तरी भर उन्हात चेहरा अधूनमधून तापायचाच. डॉक्टरांनी एक वेगळं जेल दाखवलं. "हे लावलं की वाहिन्या काही तास आकसतात. लाली दिसत नाही. सकाळी लावलंत तर यंत्र तुम्हाला सोडून देईल. काही गैर नाही त्यात, औषधच आहे."

मोह मोठा होता. गाडी परत, आई परत, सगळं परत. हर्षदानं विचार केला आणि मान हलवली. "आणि घाटातच औषध उतरलं तर? पन्नास माणसं घेऊन मी पुन्हा वळणावर उभी? शिवाय डॉक्टर, लपवलं तर उद्या दुसरी कुणी अशीच बसमधनं उतरवली जाईल. मला लपून नको, उजळ माथ्यानं गाडी पाहिजे."

"मग त्या यंत्राला शिकवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी येते कराडला."

डॉक्टरांनी यंत्राच्या कंपनीला असं पत्र लिहिलं, की पुण्याहून यंत्र बनवणारे इंजिनिअर ईशान तुळपुळे स्वतः धावत आले. डेपोच्या वर्कशॉपमध्ये मोठा पडदा लावला. बेत साधा होता. हर्षदानं एक थेंबही न घेता चेहरा तापवायचा, दुसऱ्या कुणी खरोखर दारू प्यायची आणि दोघांचे चेहरे यंत्राला शेजारी शेजारी दाखवायचे. पिणारा हवा म्हटल्यावर वर्कशॉपमधले निम्मे हात वर गेले. मान लाडमामांना मिळाला, कारण त्यांची सुट्टी होती आणि ट्यूबचं पाप त्यांना फेडायचं होतं. डेपोच्या इतिहासात पहिल्यांदाच साहेबांच्या सहीनं बाटली आली. डॉक्टर शेजारी बसून मोजून देत होत्या, त्यामुळे मामांना फारशी मजा येत नव्हती.

मामांनी आणखी एक काम गुपचूप केलं होतं. सकाळीच पाटणला जाऊन ते हर्षदाच्या आईला घेऊन आले होते. आई दाराशी आक्रसून उभी होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. लेकीशी बोलत नसली, तरी तिला उपाशी कसं ठेवणार?

हर्षदानं गाठोडं सोडलं. भाकरीवर हिरवागार ठेचा होता. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, "आज परवानगी आहे. पोटभर खा."

मग हर्षदा अंगणातल्या रणरणत्या उन्हात बसली, वाफाळता चहा प्याली आणि आईच्या हातचा ठेचा भाकरीला थापून खाल्ला. चेहरा तव्यासारखा तापला. सगळा डेपो बघत होता. इतके महिने ज्या चेहऱ्याला तिनं लोकांपासून लपवलं, तो तिनं सरळ कॅमेऱ्यापुढं धरला. लाल दिवा पेटला. शेजारी लाडमामा बसले. त्यांचाही लाल.

"बघा," देशमाने म्हणाले, "दोघंही सारखेच."

"रंग सारखा," डॉक्टर म्हणाल्या. "तुळपुळे, आता जागा दाखवा. रक्त कुठं कुठं चढलंय?"

तुळपुळ्यांनी कळ दाबली. पडद्यावर दोन मोठे चेहरे उमटले. लाडमामांचा अख्खा चेहरा रंगला होता, कपाळ, कान, थेट गळ्यापर्यंत, आणि पापण्या पेंगत होत्या. हर्षदाच्या चेहऱ्यावर फक्त नाक, गाल आणि हनुवटी पेटलेली. डोळ्यांभोवती स्वच्छ, कान गार, गळा गार. आणि तिच्या पापण्या घड्याळासारख्या नेमक्या उघडझाप करत होत्या.

तुळपुळे पडद्याजवळ गेले, मागं आले, पुन्हा जवळ गेले. माणूस प्रामाणिक होता. "आम्ही त्याला किती लाल एवढंच विचारलं," ते म्हणाले. "कुठं लाल, हे विचारलंच नाही." मग त्यांना एकदम हुरूप चढला. "दोघांना शिकाऊ ड्रायव्हरांच्या सिम्युलेटरवर बसवा. तेही मोजू."

पडद्यावरच्या खोट्या घाटात हर्षदानं तापल्या तोंडानं बस लोण्यासारखी उतरवली. लाडमामांनी पहिल्याच वळणावर एक म्हैस, एक चहाची टपरी आणि शेवटी दरी गाठली. गाठताना ते लावणी गुणगुणत होते.

हशा झाला, टाळ्या झाल्या. त्या गोंधळात आई दारापासून हलली. गर्दी बाजूला सारत ती लेकीपाशी आली. हर्षदाचं अंग नकळत आखडलं. पण आईनं श्वास ओढला नाही. तिनं आपले गार ओले हात लेकीच्या दोन्ही गालांवर ठेवले.

"लई भाजतंय का गं?"

"आता कमी आहे."

"भंडारा उचललास तू," आईचा आवाज फाटला, "आन् मी काचंवरच्या दिव्यावर इस्वास ठेवला. तुझ्या बापाची शिक्षा तुला दिली बाये. चुकले मी."

हर्षदाला इतके महिने धड रडता आलं नव्हतं. त्या दिवशी ती सगळ्या डेपोदेखत मनसोक्त रडली आणि डॉक्टर म्हणाल्या, रडू द्या, आज चेहरा तापलेलाच आहे.

सासूबाई पुन्हा शाळेत गेल्या. डॉक्टर मुकादमांच्या ओळखीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी गावोगावच्या अशाच रुग्णांच्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांची चित्रणं पाठवली. त्या लोकांनी आनंदानं परवानगी दिली होती. तुळपुळ्यांनी नवं यंत्र आणलं तेव्हा त्यात लाल आणि हिरव्याच्या मधोमध पिवळा दिवा होता. तो लागला की बस थांबत नसे. आवाज फक्त ड्रायव्हरच्या कानात सांगे, 'गाडी चालवा. सवडीनं त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.' उद्घाटनाला देशमाने साहेब हौसेनं कॅमेऱ्यासमोर बसले. त्यांच्या गालांवर कायम तेज असायचं आणि ते त्याचं श्रेय रोजच्या प्राणायामाला द्यायचे. पिवळा दिवा लागला. साहेब दुसऱ्याच दिवशी चिपळूणची बस पकडून गुपचूप डॉक्टरांकडं गेले. गुपचूप म्हणजे फक्त सगळ्या डेपोला माहीत होतं.

त्या बसवर ड्रायव्हर होती हर्षदा साळुंखे. तिच्या मागच्याच सीटवर आई बसली होती. नवरा गेल्यापासून आई या घाटानं एकदाही गेली नव्हती. चिपळूणचे नातेवाईक बोलावून बोलावून थकले, तरी नाही. आज ती आपणहून थैली घेऊन स्टँडवर आली होती आणि म्हणाली होती, "तुझी ती डागदरीण बघून येते. ओटी भरायची हाय तिची."

कोयनानगर मागं पडलं. घाट सुरू झाला. ऊन काचेतून आत आलं, हर्षदाचे गाल जरासे तापले आणि पिवळा दिवा लागून शांतपणे विझला. आई घाबरली असेल, सीटचा दांडा घट्ट धरून बसली असेल, म्हणून हर्षदानं आरशात बघितलं.

आईचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. भर घाटात, कुंभार्लीच्या उतारावर, ती गाढ झोपली होती आणि चक्क घोरत होती. हर्षदाला हसू आलं. पुढचं वळण तिनं इतकं अलगद घेतलं, की आईची मान जराही हलली नाही.